ट्रॅक आधी करून घेऊ नका: शेचाळीस मुलांच्या संगीत नाटकाचा अनुभव

पहिल्यांदा संगीत बालनाट्य बसवायला घेतलं तेव्हा मला धास्ती होती पाठांतराची. ४६ मुलं, १२ गाणी. पण पाठांतर आठ दिवसांत झालं, मुलं एकमेकांची वाक्यंसुद्धा म्हणायला लागली. आम्ही अडकलो ते पट्टीत, म्हणजे गाणं किती वरच्या किंवा खालच्या सुरात धरायचं त्यात.

आमच्या सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपली आणि जानेवारीतच मी सगळ्या गाण्यांचे ट्रॅक, म्हणजे रेकॉर्ड केलेली वाद्यांची साथ, करून घेतले. वादकांना रोज बोलवायचा खर्च वाचेल, एवढाच हिशोब. प्रमुख भूमिकेतला मुलगा १३ वर्षांचा, काळी चार या उंच पट्टीत अगदी मोकळा गायचा. मधे परीक्षा झाल्या. एप्रिलमध्ये तालमी पुन्हा सुरू झाल्या आणि तिसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "ताई, आवाज फाटायलाय." मी म्हटलं, गोळा खाल्ला असशील, गरम पाणी पी. पुढचे दहा दिवस तेच गाणं त्याच्याकडून घोटून घेतलं. एका संध्याकाळी तो तालमीला आलाच नाही. ते मला आजही सलतं.

हे नीट समजून घ्या, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. साधारण १२ ते १५ या वयात मुलांचे स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. पण तो एका रात्रीत उतरत नाही. मधले काही महिने वरचे सूर निसटतात, खालचे अजून तयार झालेले नसतात, हाताशी चार-पाच सूरच राहतात. अशा वेळी रियाज वाढवला की मूल ओरडून गायला लागतं आणि घसा दुखावतो. ट्रॅक कॉम्प्युटरवर खाली ओढता येतो, पण दोन-तीन पट्ट्यांच्या पुढे वाद्यं ओळखू येईनाशी होतात. शिवाय कोरसमधल्या मुलींना ते गाणं इतकं खाली जातं, की शब्दच ऐकू येत नाहीत.

म्हणून तालमी पेटी-तबल्यावरच करा. ट्रॅक हवाच असेल तर प्रयोगाच्या आधी तीन आठवडे करा, त्याआधी नको. एका वहीत प्रत्येक मुलाचा आरामात लागणारा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर लिहा आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा. मुलींचे आवाजही बदलतात, थोडे कमी, पण बदलतात.

बाहेरून येऊन एका दिवसात कार्यशाळा उरकणाऱ्या मार्गदर्शकांवर माझा विश्वास नाही. आम्हाला सोडवलं ते आमच्याच पेठेतल्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या काकांनी. ते म्हणाले, "पोराला कशाला पिळायलीस? जुन्या नाटकात सूत्रधारच गायचा की." खरंच आहे. १८४३ पासून विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा. पात्रांनी आपली पदं आपणच गायची ही रीत १८८० मध्ये किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'नं रुजवली. आम्ही तीन मुलींना सूत्रधार केलं. काळी चारचे ट्रॅक तसेच चालले. तो मुलगा गाण्याच्या ओळी तालात बोलायचा, मुली गायच्या, आणि भूमिका त्याचीच राहिली. त्याला आणायला मी त्याच्या घरी गेले होते. आई तेलुगूत काहीतरी बोलली, त्यानं चप्पल घातली आणि माझ्यासोबत निघाला.

बाकीचं थोडक्यात. रील बघून नाच बसवू नका. चार मुलांचा नाच चाळीस मुलांवर पसरला की रंगमंचावर नुसती गर्दी दिसते. मे महिन्यात तालीम सकाळी सातला, उन्हाच्या आत मुलं घरी. नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र वेळेत मागवा. कॉलर माइक फक्त गाणाऱ्यांना, कोरससाठी रंगमंचाच्या पुढच्या कडेला माइक.

आणि हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या रंगमंचावर जाण्याआधी आपल्या तालमीच्या जागेत खडूनं विंगा आखा. कोण कुठून आत येणार, कोण कुठून बाहेर जाणार, हे गाण्याशिवाय, नुसतं चालून, तीन दिवस करून घ्या. मुलं कंटाळतील. कंटाळू द्या. पहिल्या अंधारात ४६ जण एकाच विंगेकडे धावले, तर धाकटी पोरं पडतात. आमच्या रंगीत तालमीत दोघं पडली होती.