लेजेंडरी कार्डांशिवाय क्लॅश रॉयल जिंकावे कसे

क्लॅश रॉयल या मोबाइलवरच्या खेळात कार्डे टाकून समोरच्याचे टॉवर (बुरूज) पाडायचे असतात. ‘लेजेंडरी, म्हणजे अतिदुर्मिळ, कार्डे मिळाल्याशिवाय वर जाता येत नाही’ हे वाक्य मी सांगलीतल्या इतक्या मुलांकडून ऐकले आहे, की आता त्यावर वाद घालण्याचाही कंटाळा येतो. विश्रामबागेत राहणारा माझा भाचा कित्येक महिने जेम (खेळातले चलन) साठवून पेट्या उघडत बसला होता आणि हरला की नशिबाला बोल लावत होता. ज्या घरात उन्हाळाभर मेंढीकोटाचे डाव चालतात, त्या घरातल्या मुलाला तरी हे ठाऊक असायला हवे, की हुकमाची दुर्री परक्या रंगाच्या एक्क्याला मारते. आणि ती कोणत्या हाताला टाकायची, हे गेलेली पाने मोजणाऱ्यालाच कळते.

सुपरसेल या फिनलंडच्या कंपनीने २०१६ च्या मार्चमध्ये हा खेळ जगभर आणला, तेव्हापासून मी तो खेळत आहे. त्यातील दुर्मिळता म्हणजे कार्ड किती क्वचित सापडते एवढेच. त्याचे बळ प्रामुख्याने लेव्हलवर ठरते. कॉमन कार्ड लेव्हल १ पासून सुरू होते, रेअर ३ पासून, एपिक ६ पासून आणि लेजेंडरी ९ पासून. पुढे मात्र समान लेव्हलची कार्डे एकमेकांच्या तोडीची धरली जातात. कॉमन आणि रेअर कार्डे भराभर जमतात, म्हणून त्यांची लेव्हल लवकर चढते. नुकतेच हाती आलेले लेव्हल ९ चे मेगा नाईट लेव्हल १२ च्या स्वस्त कार्डांपुढे ओझेच ठरते, हे न सांगता ‘अमुक लेजेंडरी घ्या’ असा सल्ला देणाऱ्यांचे व्हिडिओ मी पाहणे सोडून दिले आहे.

डेक, म्हणजे सामन्यात न्यायचा आठ कार्डांचा संच, कोणता घ्यावा, यावर फार वेळ घालवू नये. हॉग रायडर (४), मस्केटियर (४), फायरबॉल (४), कॅनन (३), आइस गोलेम (२), झॅप (२), स्केलेटन (१) आणि आइस स्पिरिट (१) ही आठ कार्डे घ्यावीत. कंसातील आकडा एलिक्सरचा, म्हणजे ते कार्ड टाकायला खर्च होणाऱ्या शक्तीचा आहे. एकूण बेरीज २१, म्हणजे सरासरी सुमारे २.६ होते, चार कार्डे कॉमन आहेत, चार रेअर. ‘२.६ हॉग सायकल’ म्हणून जो डेक जगभर ओळखला जातो तो हाच. त्यात झॅपच्या जागी लॉग हे एकमेव लेजेंडरी कार्ड असते. लॉग फक्त जमिनीवर चालते, झॅप हवेतल्यांनाही लागते, त्यामुळे अदलाबदल वाटते तितकी तोट्याची नाही. समोरच्याच्या गॉब्लिन बॅरल या कार्डाने फारच छळले, तर झॅप काढून ॲरोज (३) घ्यावे. २०२३ मध्ये इव्होल्यूशनची, म्हणजे कार्डाचे अधिक बळकट रूप वापरण्याची, सोय आली, तेव्हा पहिल्या तुकडीत स्केलेटन आणि बार्बेरियन ही कॉमन कार्डेच होती, हेही दुर्मिळतेच्या भक्तांनी लक्षात घ्यावे.

सामना सुरू झाल्यावर घाई करू नये. एलिक्सरची पट्टी भरत आली की स्केलेटन मागच्या बाजूला टाकून समोरच्याचा अंदाज घ्यावा.

आता हिशेबाकडे येतो. मी याच ठिकाणी जवळजवळ वर्षभर अडकलो होतो आणि बहुतेक जण याच ठिकाणी हा डेक सोडून देतात. माझी चूक अशी होती, की मी फक्त स्वतःची एलिक्सरची पट्टी पाहत असे. ती भरली की हल्ल्यासाठी हॉग सोडायचा, समोरच्याने तो मारला की हळहळायचे, आणि तेवढ्यात पुलावरून येणारा प्रिन्स पाहून हातात काहीच नाही म्हणून टॉवर गमवायचा, असे रोजचे चालले होते.

समोरच्याच्या पट्टीत नेमके किती एलिक्सर आहे, हे मोजण्याच्या फंदात मुळीच पडू नये. दोघेही ५ एलिक्सरने सुरुवात करतात, दोघांनाही दर २.८ सेकंदांना १ मिळते आणि दोघांचीही मर्यादा १० आहे. त्यामुळे जमेची बाजू सारखीच आहे, असे धरून केवळ खर्चातला फरक डोक्यात ठेवावा. हा फरक शून्यापासून सुरू होतो. त्याने जायंट (५) टाकला आणि तुम्ही तो कॅनन (३) व स्केलेटन (१) यांनी थोपवला, तर तुम्ही अधिक १ झालात. चिडून त्याने त्या स्केलेटनवर ॲरोज (३) मारले, तर अधिक ४. आता हॉग (४) सोडला की फरक पुन्हा शून्यावर येतो, आणि त्याला हॉग अडवायला मिनी पेका (४) टाकावाच लागला, की तुम्ही पुन्हा अधिक ४ वर आहात. ‘अधिक’, ‘उणे’ हे शब्द मी सुरुवातीला तोंडाने म्हणत असे. घरचे हसले, पण सवय त्यानेच लागली.

यात एक फसवी जागा आहे. पट्टी १० वर भरून राहिली, की पुढचे एलिक्सर वाया जाते आणि ते तुमच्या हिशेबात येत नाही. तो बराच वेळ काहीच टाकत नसेल, तर त्याची पट्टी भरली आहे असे समजून मोजणी तिथून नव्याने सुरू करावी. त्याने मागे गोलेम (८) टाकला, तर त्या क्षणी त्याच्याकडे जास्तीत जास्त २ उरले आहेत, हे मोजल्याविना कळते; अशा वेळी गोलेमकडे पाहत बसू नये, दुसऱ्या बाजूने हॉग आणि आइस स्पिरिट तत्काळ सोडावेत. त्याने एलिक्सर कलेक्टर (जादा एलिक्सर देणारी इमारत) लावला असेल, तर मात्र जमा सारखी राहत नाही, आणि त्या कलेक्टरवर आधी फायरबॉल मारावा, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी मोजणी कार्डांची. टाकलेले कार्ड आणखी चार कार्डे टाकल्यावरच हातात परत येते, हा नियम दोघांनाही लागू आहे. तुमची सर्वांत स्वस्त चार कार्डे, म्हणजे आइस स्पिरिट, स्केलेटन, आइस गोलेम आणि झॅप, मिळून फक्त ६ एलिक्सर खातात, म्हणजे हॉगला परत हातात आणण्याचा खर्च सुमारे १७ सेकंदांत भरून येतो. समोरच्याच्या कार्डांची सरासरी ४ असेल, तर त्याला मिनी पेका परत मिळवायला १६ एलिक्सर, म्हणजे जवळजवळ ४५ सेकंद लागतात. दुसरा हॉग त्याच्या आधी पोहोचतो, आणि त्याला तो एखाद्या दुय्यम उपायाने अडवावा लागतो. या डेकचे सारे गुपित एवढेच आहे. म्हणून त्याची आठही कार्डे पाठ करण्याचा आग्रह धरू नये. हॉगवरचा त्याचा उत्तम उपाय, त्याचे सर्वांत महाग कार्ड आणि त्याचा मोठा स्पेल (फायरबॉलसारखे मारा करणारे कार्ड), ही तीनच कार्डे मोजावीत. मी आठ मोजायला गेलो आणि स्वतःच्या हातात काय आहे तेच विसरलो.

सरावासाठी एक उपाय सांगतो. झालेल्या सामन्याचा रिप्ले लावला, की दोघांचीही कार्डे व एलिक्सर दिसते. समोरच्याची पट्टी कागदाने झाकावी, मोजत राहावे, त्याने हल्ला करताच रिप्ले थांबवून आपला आकडा वहीत लिहावा आणि मग कागद उचलून दोन्ही पट्ट्यांतल्या फरकाशी तो ताडून पाहावा. पहिल्या दिवशी माझा आकडा चार-पाचने चुकत होता. पंधरवड्यानंतर एक-दोनने चुकू लागला, आणि तेवढे पुरते. मोजणीत ‘उणे’ असताना हॉग कधीही सोडू नये, ही एक गोष्ट मात्र कितीही मोह झाला तरी पाळावी.

बचाव त्यामानाने सोपा आहे. कॅनन दोन टॉवरांच्या मधोमध, नदीपासून तीन-चार घरे मागे लावावी, म्हणजे इमारतींकडेच जाणारे जायंट, हॉग किंवा बलून तिच्याकडे ओढले जातात. बलून मात्र मस्केटियरनेच पाडावा लागतो, कारण कॅननला हवेत मारता येत नाही. मेगा नाईट उतरले की आइस गोलेमने त्याला मध्यभागी फिरवावे आणि मस्केटियर त्याच्या उडीच्या टप्प्याबाहेर ठेवावी.

तीन मिनिटांच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला एलिक्सर दुप्पट वेगाने येते, तेव्हा फरकाची मोजणी सोडून केवळ कार्डे मोजावीत. टॉवर थोडाच उरला असेल, तर फायरबॉलने संपवावा.

या डेकमध्ये एकेका सेकंदाला किंमत आहे, म्हणून तो सांगली-मिरज सिटी बसमध्ये खेळू नये. वाटेत नेटवर्क दोन क्षण जरी गेले, तरी कॅनन लागेपर्यंत हॉग टॉवरला भिडलेला असतो. बससाठी मी जायंटचा एक संथ डेक वेगळा ठेवला आहे. त्यातही लेजेंडरी नाही.