घरी बांधलेलं मॉडेल इंजिन धक्के खातंय? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

एचओ मापाचं इंजिन (१:८७, रूळ १६.५ मिमी, १२ व्होल्ट डीसी) घरी बांधताना बॉडी आणि रंगकामावर महिने जातात आणि वायरिंग एका संध्याकाळी उरकलं जातं. मग गाडी धक्के खात चालते आणि खापर फुटतं मोटरवर. दोष बहुधा वीज मोटरपर्यंत पोचण्याच्या वाटेत असतो, आणि साध्या मल्टिमीटरने तो सापडतो.

थांबतं, बोट लावलं की चालतं

अशी तक्रार असेल तर कंट्रोलरचा प्रोग्रॅम उघडू नका, इंजिन उलटं करून चाकं बघा. एकाच बोगीतून (इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीतून) वीज घेतली असेल, तर पॉइंटच्या, म्हणजे रूळ बदलण्याच्या सांध्याच्या, प्लास्टिकवरून जाताना ती तुटणारच. रबरी टायर चढवलेलं चाक वीज घेत नाही, हेही विसरलं जातं. चाकाच्या मागच्या बाजूला रंगाचे शिंतोडे उडालेले असतात किंवा काळा थर साचलेला असतो.

मल्टिमीटरची एक पिन चाकाच्या कडेवर, दुसरी त्या बाजूच्या वायरवर ठेवा आणि चाक हळूहळू फिरवा. आकडा पूर्ण फेरीत एक ओहमच्या आसपास स्थिर राहिला पाहिजे. उडी मारत असेल तर तिथेच रोग आहे. दोन्ही बोगींच्या सगळ्या धातूच्या चाकांना मागून फॉस्फर ब्राँझच्या बारीक तारेचा स्पर्श द्या. स्पर्श हलका हवा, दाबून बसवलेली तार ब्रेकचं काम करते. बोगीकडे जाणारी वायर मऊ, बहुतारी घ्या. जाड वायर वळणावर बोगीच उचलते आणि गाडी रुळावरून उतरते. रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपरचे ओरखडे पुढे मळ धरून ठेवतात.

गाडी लांबच्या टोकालाच मंदावत असेल तर संशय रुळांच्या जोडपट्ट्यांवर घ्या. त्या रूळ सरळ रेषेत ठेवायला असतात, वीज वाहून न्यायला त्यांचा भरवसा नाही. दर मीटरभर अंतरावर रुळाला खालून वायर सोल्डर करा. गाडी चालू असताना पुरवठ्याशी आणि दूरच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. एक व्होल्टहून जास्त फरक म्हणजे वायर अपुरी.

आरपीएमचा हिशेब न करणं

भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूएपी-४ या विजेच्या इंजिनाचं नवं चाक १०९२ मिमीचं. १:८७ मध्ये ते साडेबारा मिमी, परीघ ३९ मिमी. ताशी १०० किमी म्हणजे मॉडेलला सेकंदाला ३२ सेंमी, म्हणजेच मिनिटाला सुमारे ४९० फेरे. एन२० ही छोटी गिअर मोटर थेट आसावर बसणार असेल तर ५०० ते ६०० आरपीएमची पुरे. २००० ची घेतली तर स्टेशनातून सावकाश सुटणं विसरा. छापलेला आकडा बिनभाराचा आणि ठरावीक व्होल्टेजचा असतो, तेव्हा ६ व्होल्टची मोटर १२ वर चालवू नका.

समोर येईल तो ड्रायव्हर घेणं

मोटर ड्रायव्हर (कंट्रोलरच्या हुकमाने मोटरला वीज देणारी पाटी) मागितला की बहुधा लाल पाटीचा एल२९८एन हातात पडतो. एक अँपिअरला तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. गाडी बॅटरीवर चालवायची असेल तर दोन लिथियम सेलच्या ७.४ व्होल्टमधून हे परवडत नाही. दोन सेलना डीआरव्ही८८३३ चांगला, पण त्याची मर्यादा १०.८ व्होल्ट. भरलेले तीन सेल १२.६ देतात, तिथे तो जळतो. १२ व्होल्टला टीबी६६१२ घ्या: मोटरसाठी १३.५ व्होल्टपर्यंत, सलग १.२ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरवाले जुने अडॅप्टर बिनभाराचे १२ च्या बरेच वर दाखवतात. आधी मोजा.

मोटर किती खेचेल हेही काढता येतं. आस थोडा थोडा फिरवत टोकांमधला रोध चार-पाच ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा. तो १० ओहम आला, तर १२ व्होल्ट भागिले १० म्हणजे मोटर अडकली तर १.२ अँपिअर. दोन मोटर समांतर जोडल्या तर दुप्पट.

पळत्या गाडीला थेट रिव्हर्स देणं ही ड्रायव्हर जाळायची खात्रीची रीत. फिरत्या मोटरने तयार केलेलं व्होल्टेज पुरवठ्यात मिळतं आणि करंट अडकलेल्या मोटरच्या जवळपास दुप्पट होतो. आधी पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारा सिग्नल) शून्यावर आणा, अर्धा सेकंद थांबा, मगच दिशा बदला.

मोटर सुरू होताच ईएसपी३२ हा कंट्रोलर रीसेट होत असेल तर दोघांचा पुरवठा एकच आहे. कंट्रोलरला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारी पाटी) द्या, त्याच्या आउटपुटवर ४७० मायक्रोफॅरड आणि मोटरच्या टोकांवर १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर लावा. ग्राउंड मात्र एकच ठेवा. आर्डुइनो उनो हा कंट्रोलर असेल तर मोटरची बारीक शिट्टी त्याच्या मूळच्या ४९० हर्ट्झच्या पीडब्ल्यूएमची असते. २० किलोहर्ट्झवर ती जाते, पण काही मोटरचं हळू सुटणं बिघडतं. दोन्ही करून बघा.

सेल चार्ज करताना

टीपी४०५६ हा चार्जर एका सेलपुरताच आहे. सीरिजमधल्या दोन सेलना बॅलन्सिंगवाला, म्हणजे दोन्ही सेल सारखे भरणारा चार्जरच हवा. शिवाय त्या पाटीवर १.२ किलोओहमचा रोधक असतो, म्हणजे एक अँपिअर चार्जिंग. ३०० एमएएचच्या पाऊच सेलला एवढा करंट धोक्याचा, तो फुगतो. ४ किलोओहम लावला की ३०० मिलिअँपिअर मिळतात.

डीकोडर बसवताना

डीसीसी (रुळांमधूनच इंजिनाला डिजिटल हुकूम देण्याची पद्धत) डीकोडर बसवणार असाल तर मोटरची दोन्ही टोकं चेसिसपासून पूर्ण तोडा. लाल-काळी वायर रुळांकडे, नारिंगी-करडी मोटरकडे. करड्या-नारिंगीपासून कुठल्याही चाकापर्यंत मल्टिमीटर वाजला, तर डीकोडर जोडायच्या आधी तो शॉर्ट शोधा.