लोकल एसइओला नेहमीच्या एसइओचे नियम लावताय? या चुका टाळा

वेबसाइट नेटकी आहे, पानं झटकन उघडतात, लेख नियमित येतात, बॅकलिंकही (इतर साइटवरून आपल्याकडे येणारे दुवे) बऱ्यापैकी आहेत. तरी गूगलवर शोधल्यावर नकाशाखाली दिसणाऱ्या पहिल्या तीन नावांत आपलं नाव नाही, आणि ज्याच्याकडे धड वेबसाइटसुद्धा नाही तो तिथे ठाण मांडून बसलाय. लहान व्यावसायिकांची ही तक्रार अगदी नेहमीची. शोधाच्या निकालांत वर दिसण्यासाठीच्या खटपटीला एसइओ म्हणतात; जवळपासच्या ग्राहकांना दिसण्यासाठीची खटपट म्हणजे लोकल एसइओ. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: आणखी लेख लिहा, आणखी लिंक मिळवा. माणूस तेही मन लावून करतो, पैसे आणि महिने घालवतो, आणि नकाशा जागचा हलत नाही. हे पाहून वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते, फक्त ती भलत्याच ठिकाणी केलेली असते.

नेहमीच्या शोधात गूगल पानांची तुलना करतं: या प्रश्नाला कोणतं पान सर्वांत चांगलं उत्तर देतं? लोकल शोधात तुलना व्यवसायांची होते, आणि तीही शोधणारा माणूस कुठे उभा आहे हे धरून. त्यासाठीचे तीन मुख्य निकष गूगलने स्वतःच जाहीर केले आहेत: शोधाशी असलेला संबंध, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. संबंध आणि प्रसिद्धी यांना नेहमीच्या एसइओत काही ना काही जोड सापडते. अंतराला सापडत नाही. तो निकष तुमच्या हातात नाही, आणि हे मान्य न केल्यामुळेच बऱ्याच चुका घडतात.

म्हणून 'आपण दिसत नाही' असं म्हणण्याआधी कुठे दिसत नाही ते पाहा. निकालाच्या एकाच पानावर दोन वेगळ्या स्पर्धा चालू असतात. वरचा नकाशा आणि त्याखालची तीन नावं, म्हणजे मॅप पॅक, मुख्यतः तुमच्या गूगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गूगलवरच्या तुमच्या व्यवसायाच्या नोंदीवर, चालतो. खालचे साधे दुवे वेबसाइटवर चालतात. पॅकमध्ये पूर्वी सात नावं असायची, ऑगस्ट 2015 पासून तीनच उरली, त्यामुळे तिथली चुरस फार वाढली. दुव्यांत वर आणि पॅकमध्ये गायब असाल, तर आणखी लेख लिहून फारसा उपयोग होणार नाही. उलट असेल, तर प्रोफाइलवर रोज नवा फोटो टाकून दुवे वर चढणार नाहीत.

आपल्याच खुर्चीत बसून रँक तपासणं

दुकानात किंवा कार्यालयात बसून शोधलं की आपण पहिले दिसतो. सगळं ठीक आहे असं वाटतं. मग गावाच्या दुसऱ्या टोकाहून ओळखीचं कुणी सांगतं की तुम्ही कुठेच नाही, आणि धाबं दणाणतं. दोघंही खरं बोलत असतात. लोकल शोधात एकच एक रँक नसतो. प्रत्येक चौकात तो वेगळा असतो. डिसेंबर 2021 मध्ये गूगलने लोकल निकालांत जो बदल केला, त्यानंतर तर अंतराचं वजन आणखी जाणवू लागलं. एसइओच्या वर्तुळात तो 'व्हिसिनिटी' या नावाने ओळखला जातो.

नकाशावर ठिपक्यांची जाळी टाकून प्रत्येक ठिपक्यावरून रँक दाखवणारी साधनं मिळतात. ती वापरा आणि चित्र नीट वाचा. दाराशी पहिला, थोडं पुढे तिसरा, आणखी पुढे दहावा, अशी उतरण असेल तर ते स्वाभाविक आहे. तिथे प्रसिद्धी वाढवत नेली की वर्तुळ हळूहळू रुंदावतं. पण अगदी स्वतःच्या दारातही दिसत नसाल, तर दोष अंतराचा नाही. प्रोफाइलमध्ये काहीतरी बिघडलंय.

एक तिसरी शक्यताही असते, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एकाच इमारतीत किंवा अगदी शेजारी एकाच कॅटेगरीचे दोन-तीन व्यवसाय असले, तर गूगल त्यातला एखादाच दाखवतं आणि बाकीचे गाळून टाकतं. गूगलच्या सप्टेंबर 2016 च्या 'पॉसम' बदलानंतर हे ठळकपणे दिसू लागलं. ओळखायची युक्ती सोपी आहे: गूगल मॅप्समध्ये तोच शोध घ्या आणि नकाशा मोठा करत जा. मोठा केल्यावर तुम्ही अचानक उगवलात, तर तुम्ही गाळले जात आहात. अशा वेळी मुख्य कॅटेगरी (प्रोफाइलमध्ये नोंदवलेला व्यवसायाचा प्रकार) अधिक नेमकी करणं आणि शेजाऱ्यापेक्षा प्रोफाइल भक्कम करणं हाच मार्ग.

व्यवसायाच्या नावात कीवर्ड कोंबणं

वेबपानाच्या शीर्षकात सेवा आणि गावाचं नाव लिहिणं रास्त आहे. तीच सवय प्रोफाइलच्या नावात आली की नियमभंग होतो. पाटीवर, कागदपत्रांवर आणि ग्राहकांच्या तोंडी जे नाव आहे तेवढंच तिथे चालतं. खरं सांगायचं तर नावात कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाकतात ते शब्द, असलेली प्रोफाइल अनेकदा वर दिसतात, म्हणून तर लोक मोहात पडतात. पण तो फायदा उसना असतो. कुणीही 'बदल सुचवा' वर जाऊन खरं नाव सुचवू शकतं, गूगलकडे तक्रार करायला वेगळा फॉर्म आहे, आणि प्रकरण वाढलं तर संपूर्ण प्रोफाइल निलंबित होतं. मग फोन येणंच थांबतं. तुमच्या पुढे असलेला कुणी हे करत असेल, तर त्याची नक्कल करण्यापेक्षा तो फॉर्म भरा.

वर्णनावर आठवडा, कॅटेगरीवर दहा सेकंद

प्रोफाइलच्या वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा आहे. त्यात कीवर्ड बसवायला लोक आठवडा घालवतात. ही पानांच्या एसइओची सवय. वर्णन वाचणाऱ्या माणसासाठी असतं; ते चांगलंच लिहा, पण रँक त्याच्यावर टांगू नका. शोधाशी संबंध ठरवण्यात मुख्य कॅटेगरीचा वाटा मोठा, आणि तीच घाईत निवडलेली असते. एक मुख्य आणि वर नऊपर्यंत जोड कॅटेगरी देता येतात. दात सरळ करणारा तज्ज्ञ डॉक्टर केवळ 'दंतवैद्य' म्हणून नोंदला गेला असेल, तर तारा बसवून घेणारे रुग्ण त्याला सहजी सापडणार नाहीत.

एखाद्याच सेवेसाठी तुम्ही दिसत नसाल, तर आधी हेच तपासा. पॅकमध्ये वर असलेल्या तिघांची मुख्य कॅटेगरी कोणती ते बघा. तिघांची एकच आणि तुमची वेगळी असेल, तर कारण बहुतेक सापडलं. मात्र नऊच्या नऊ जागा भरायच्याच म्हणून न करणारी कामं लिहू नका.

पत्ता आहे असं भासवणं

पानांच्या जगात तुम्ही कुठूनही कुठल्याही गावासाठी पान लिहू शकता. त्यामुळे वाटतं की दुसऱ्या भागात दिसायचं तर तिथला पत्ता घ्यावा. टपाल-पेटीचा पत्ता गूगलला चालत नाही. नुसतं भाड्याने घेतलेलं आभासी कार्यालय, जिथे कामाच्या वेळेत तुमची माणसं बसत नाहीत, तेही चालत नाही.

प्लंबर, कुलूपवाला, सफाई सेवा असे जे ग्राहकाच्या घरी जातात आणि ज्यांच्याकडे ग्राहक येत नाही, त्यांनी पत्ता लपवून सेवाक्षेत्र द्यायचं असतं. सेवाक्षेत्रात 20 पर्यंत भाग नोंदवता येतात, आणि त्याची हद्द तुमच्या मूळ ठिकाणापासून साधारण दोन तासांच्या गाडीप्रवासापलीकडे जाऊ नये असं गूगल सांगतं. इथे मोठा गैरसमज आहे. 20 भाग लिहिले म्हणजे 20 भागांत रँक मिळतो असं होत नाही. ती माहिती ग्राहकासाठी असते. रँक पडताळणी झालेल्या पत्त्याच्या भोवतीच घुटमळतो, असाच या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा अनुभव आहे.

मग दूरच्या गावांसाठी काय? तिथे वेबसाइट कामाला येते, कारण खालच्या दुव्यांत अंतराचा जाच कमी असतो. पण गावाचं नाव तेवढं बदलून तीच पानं चाळीस वेळा छापली, तर ती गूगलच्या नियमांत 'डोअरवे' पानं, म्हणजे केवळ शोधात वर येण्यासाठी बनवलेली पानं, ठरतात. त्या भागात खरोखर केलेली कामं, त्यांचे फोटो, तिथल्या घरांत नेहमी येणाऱ्या अडचणी, पोहोचायला लागणारा वेळ, असं काही सांगण्यासारखं असेल तरच त्या गावाचं पान करा.

नाव, पत्ता, फोन: भलतीकडे काटेकोरपणा

तीन गोष्टी सगळीकडे जुळल्या पाहिजेत हे सर्वांना ठाऊक असतं. गंमत अशी की 'रोड' आणि 'रस्ता' यांतला फरक दुरुस्त करायला लोक दिवस घालवतात, आणि जुना फोन नंबर पाच ठिकाणी तसाच राहतो. लेखनातल्या बारीक फरकाने काही बिघडत नाही. बंद नंबर, सोडलेली जागा आणि एकाच व्यवसायाची दोन प्रोफाइल यांनी बिघडतं.

जागा बदलली तर नवं प्रोफाइल काढू नका. आहे त्यातच पत्ता बदला. नवं काढलं की रिव्ह्यू जुन्याकडे राहतात आणि ग्राहक दोघांमध्ये गोंधळतो. ॲपल मॅप्सवरची माहिती जानेवारी 2023 पासून ॲपलच्या बिझनेस कनेक्टमधून सांभाळता येऊ लागली, बिंगसाठी बिंग प्लेसेस आहे. दोन्हीकडे एकदा तरी डोकावा, कारण आयफोनवाला ग्राहक कदाचित तिथूनच रस्ता विचारतो. आणि गूगलवर कुणीही तुमच्या माहितीत बदल सुचवू शकत असल्यामुळे महिन्यातून एकदा आपलं प्रोफाइल परक्यासारखं उघडून पाहा.

रिव्ह्यूंना लिंकसारखं विकत घेणं

लिंक विकत घेण्याची वाईट खोड इथेही येते. सवलत देऊन रिव्ह्यू घेणं नियमाबाहेर आहे. आधी ग्राहकाला खुश आहात का विचारायचं आणि खुश असलेल्यांनाच गूगलचा दुवा पाठवायचा, ही गाळणीही 2018 पासून नियमाबाहेर आहे. एकदम गोळा केलेले रिव्ह्यू गळण्याचा धोका असतो, आणि मग लोक गूगलला दोष देतात. काम झाल्यावर प्रत्येकाला त्याच दिवशी साध्या शब्दांत विचारा, आणि आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्या. विशेषतः नाराज माणसाला शांतपणे दिलेलं उत्तर पुढचे कितीतरी लोक वाचतात.

आणखी एक: आपल्याच वेबसाइटवर ग्राहकांची मतं टाकून स्कीमाच्या (गूगलला पानातली माहिती समजावणाऱ्या कोडच्या) जोरावर निकालात तारे आणण्याचा खटाटोप सोडा. व्यवसायाने स्वतःबद्दल स्वतःच्या साइटवर दिलेल्या रिव्ह्यूंसाठी गूगलने सप्टेंबर 2019 पासून तारे दाखवणं बंद केलंय.

दुपारी दिसतो, संध्याकाळी गायब

हे लक्षण असेल तर उघडण्या-मिटण्याच्या वेळा तपासा. शोधाच्या क्षणी व्यवसाय उघडा आहे का, या संकेताला आता जास्त वजन आहे, असं गूगलच्या प्रतिनिधीने डिसेंबर 2023 मध्ये मान्य केलं. पानाला मिटण्याची वेळ नसते, म्हणून नेहमीच्या एसइओतून आलेल्या माणसाच्या हे ध्यानातच येत नाही. फोन घेणारं कुणी नसताना चोवीस तास उघडं लिहू नका. रात्री गरजेपोटी आलेला माणूस बंद दार बघून परततो, आणि त्याचा राग योग्यच असतो. सुट्ट्यांच्या खास वेळा मात्र आठवणीने भरा.

वेबसाइट वाऱ्यावर सोडणं

ही उलट्या टोकाची चूक. प्रोफाइल आहे म्हणजे वेबसाइट नको, असं नाही. गूगलच्या जुलै 2014 च्या 'पिजन' बदलाने लोकल निकाल वेबसाइटच्या ताकदीच्या बरेच जवळ आणले, आणि ते नातं टिकून आहे. प्रोफाइलमधूनच फुकट बनवता येणाऱ्या साइट गूगलने मार्च 2024 मध्ये बंद केल्या. तुमची तशी असेल तर प्रोफाइलमधला दुवा मेलेला असण्याची शक्यता आहे. शाखा अनेक असतील तर प्रत्येक शाखेच्या प्रोफाइलवरून त्या शाखेच्या पानाचा दुवा द्या. पत्ता चित्रात अडकवू नका, मजकुरात लिहा. लिंकच्या बाबतीत परगावच्या भारदस्त साइटपेक्षा आपल्या भागातल्या संस्थेची, शाळेची किंवा व्यापारी संघाची एक लिंक मला जास्त मोलाची वाटते.

भेटी मोजणं, फोन विसरणं

वेबसाइटवरच्या भेटी घटल्या म्हणून घाबरण्याआधी प्रोफाइलच्या कामगिरीच्या अहवालात किती फोन आणि किती दिशानिर्देश मागितले गेले ते पाहा. लोकल ग्राहक साइटवर न येताच फोन करतो. प्रोफाइलमधल्या दुव्याला यूटीएम (माणूस कुठून आला हे सांगणारी खूण) जोडलं की तिथून आलेली माणसं साइटच्या भेटी मोजणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये वेगळी दिसतात. हे पाच मिनिटांचं काम आहे, तरी बहुतेक जण करत नाहीत.

निलंबनानंतरची घाई

प्रोफाइल निलंबित झालं की पहिली ऊर्मी नवं काढण्याची असते. पानाच्या बाबतीत ते खपून जातं, इथे प्रकरण चिघळतं. आधी नाव, पत्ता, कॅटेगरी नियमात बसतात का ते पाहून दोष दुरुस्त करा. मग व्यवसायाची नोंदणी, परवाना, त्याच पत्त्याचं वीजबिल किंवा फोनबिल असे कागद स्कॅन करून हाताशी ठेवा, आणि त्यानंतरच अपील करा. पुराव्यांचा फॉर्म उघडला की तो पाठवायला 60 मिनिटंच मिळतात, त्यामुळे कागद शोधण्याची सुरुवात फॉर्म उघडल्यावर करू नका. निर्णय येईपर्यंत प्रोफाइलला हात लावू नका आणि दुसरं अपीलही टाकू नका.