फुकुओकात घर मांडताना

विमान जपानमधल्या फुकुओकाला उतरताना खिडकीतून खाली बघा, घरांची छपरं हाताशी आल्यासारखी दिसतात. विमानतळ गावातच आहे. भुयारी रेल्वेने हाकाता स्टेशन दोन थांब्यांवर, पाच मिनिटांत. फक्त ही रेल्वे देशांतर्गत टर्मिनलहून सुटते आणि परदेशी विमानं पलीकडच्या टर्मिनलला लागतात. दोन्हींच्या मधे मोफत बस धावते, तिच्यात बसा.

मग नावाचा गोंधळ सुरू होतो. विमानाच्या तिकिटावर फुकुओका, शिनकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, तिकिटावर हाकाता. नाका नदीच्या पूर्वेला व्यापाऱ्यांचं जुनं हाकाता आणि पश्चिमेला किल्ल्याभोवती वसलेलं सामुराईंचं फुकुओका, अशी ही मुळात दोन गावं. १८८९ मध्ये ती एका महापालिकेत आली. शहराला फुकुओका नाव मिळालं आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या स्टेशनला हाकाता. पूर्वेकडची जुनी माणसं अजूनही स्वतःला हाकाताचीच म्हणवतात. आपल्याकडे पेठेत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. राहायची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत तुमच्या वॉर्डाच्या कचेरीत, म्हणजे कुयाकुशोत, जाऊन पत्त्याची नोंद करा. शहराचे सात वॉर्ड आहेत. झायर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, आणि पासपोर्ट सोबत न्या आणि आरोग्य विम्याचं कामही त्याच फेरीत उरका. क्यूशू विद्यापीठात शिकायला आला असाल तर खोली घेण्याआधी नकाशा बघा. इतो कॅम्पस पश्चिमेच्या टोकाला आहे, हाकाता स्टेशनजवळ राहून रोज तिथे जाणं जिवावर येतं.

आता कचरा. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नवीन माणसाची शेजाऱ्यांशी पहिली ओळख कचऱ्यातूनच होते. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी कचरा सकाळी बाहेर ठेवतात. फुकुओकात तो रात्री नेतात. सूर्य मावळल्यावर पिशवी बाहेर ठेवायची आणि मध्यरात्रीच्या आत ठेवायची. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून एकदा, बाटल्या महिन्यातून एकदा. पिशव्या शहराने ठरवून दिलेल्याच लागतात. त्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात आणि जळणाऱ्या, न जळणाऱ्या कचऱ्याच्या आणि बाटल्यांच्या पिशव्या वेगळ्या असतात. मी पहिल्या आठवड्यात सवयीने सकाळी सातला पिशवी ठेवून आले. संध्याकाळी परतले तर कावळ्यांनी ती फोडलेली होती आणि शेजारच्या आजी वाकून माझ्या बटाट्याच्या साली गोळा करत होत्या. रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त आकाशाकडे बोट दाखवलं आणि अंधार पडल्याची खूण केली. त्या दिवसापासून आमची ओळख.

खाण्याचं दोन भागांत सांगावं लागेल. मांसाहारी असाल तर हे गाव तुम्हाला सांभाळून घेईल. इथला रामेन तोन्कोत्सु, म्हणजे डुकराची हाडं तासन्‌तास उकळून काढलेल्या पांढुरक्या रश्शातला. शेवया बारीक, पटकन मऊ पडतात, म्हणून वाटीत आधीच कमी घालतात. संपल्या की रस्सा ठेवून नुसत्या शेवया पुन्हा मागवायच्या, त्याला काएदामा म्हणतात. किती शिजवू असं विचारतात तेव्हा 'काता' म्हणजे जरा कडक, 'बारिकाता' म्हणजे खूपच कडक. मेन्ताइको जरूर खा. माशाची अंडी मिरचीत मुरवलेली असतात, गरम भातावर थोडीशी घेतली की आपल्या लोणच्याचं काम करते. मूळ कोरियातलं, पण १९४९ मध्ये कावाहारा तोशिओ यांनी नाकासुतल्या आपल्या दुकानात इथल्या जिभेला रुचेल असं करून विकायला सुरुवात केली. त्यांनी पेटंट घेतलं नाही, कृती इतर दुकानदारांना मोकळेपणाने सांगितली. म्हणून आज मेन्ताइको साऱ्या गावाचं आहे. ही गोष्ट मला त्या चवीइतकीच आवडते.

शाकाहारी असाल तर खरी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे इथल्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचं असतं. हाकाताचा मऊ उदोन, वर बर्डॉक मुळाची भजी घातलेला, दिसायला पूर्ण शाकाहारी असतो आणि नसतो. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'निकु तो साकाना, दाशी मो दामे देस', म्हणजे मांस, मासे आणि दाशीही चालत नाही, हे एक वाक्य पाठ करा. तूर डाळ, हिंग, बासमती हाकोझाकीतल्या मशिदीच्या आसपासच्या हलाल दुकानांत शोधा. रोजच्या जेवणाला मात्र इथला चिकट तांदूळ वापरून बघा, त्याचा दहीभात फार चांगला होतो. हिवाळ्यात अमाओउ जातीच्या स्ट्रॉबेरी येतात. महाग असतात, पण एक डबा घ्याच.

संध्याकाळ झाली की तेन्जिन, नाकासु आणि नागाहामा इथे यताय लागतात, चाकांवरच्या खाण्याच्या गाड्या. शहरात अशा शंभराच्या आसपास आहेत. गाडी रोज ओढत आणतात, रात्री आवरून परत नेतात. बाकावर आठ-दहा माणसं मावतात, म्हणून प्रत्येकाने काहीतरी मागवायचं, बाहेर रांग दिसली की फार रेंगाळायचं नाही आणि मोठ्या पिशव्या घेऊन शिरायचं नाही. खांद्याला खांदा लागतो तिथे अनोळखी माणूस आपणहून बोलतो. जपानी यायला लागलं ते वर्गात, बोलायचं धैर्य आलं ते या बाकांवर.

आता पाण्याबद्दल. नद्या, कालवे, समोर उपसागर, ओहोरी उद्यानातलं किल्ल्याच्या खंदकापासून केलेलं भलंमोठं तळं, हे सगळं पाहून कुणालाही वाटेल की या गावाला पाण्याची काय ददात. पण इतक्या मोठ्या वस्तीला पुरेल अशी नदी शहराच्या हद्दीत नाही. १९७८ च्या मे महिन्यात सुरू झालेली पाणीकपात २८७ दिवस चालली. १९९४ च्या दुष्काळात पुन्हा तीच पाळी आली, त्या वेळी २९५ दिवस. पहिल्या दुष्काळानंतर चिकुगो नदीचं पाणी १९८३ पासून दुरून आणलं गेलं, दुसऱ्यानंतर २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, आणि पाइपांतली गळती शोधून शोधून इतकी कमी केली की आज ती जेमतेम दोन टक्क्यांच्या घरात आहे. मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली तेव्हा आईबाबा तिथे होते आणि मी इथे. शेजारच्या आजींना फोनवर तो फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. १९७८ मध्ये त्या नव्याने लग्न होऊन आल्या होत्या. नळ यायच्या वेळी न्हाणीतला टब, पातेली, भाताचं भांडंसुद्धा कसं भरून ठेवायच्या ते त्यांनी हातांनी दाखवलं. म्हणून सांगते, इथे नळ सोडून भांडी घासू नका. तुम्हाला कुणी बोलणार नाही, पण साठीच्या पुढचं कुणी जवळ असेल तर त्यांचं लक्ष तिकडे जाईल.

सणांत मे महिन्याच्या ३ आणि ४ तारखेला दोन्ताकु असतो, भात वाढायचे लाकडी डाव एकमेकांवर वाजवत मिरवणुका निघतात. सप्टेंबरात १२ ते १८ हाकोझाकीच्या देवळात होजोयाची जत्रा भरते. दोन्ही पाहा. पण १ ते १५ जुलैच्या यामाकासासाठी सुट्टी राखून ठेवा.

१२४१ मध्ये रोगाची साथ आली तेव्हा एका भिक्षूने पाणी शिंपडत गावातून फेरी काढली, तिथून हा उत्सव सुरू झाला असं सांगतात. आज जुन्या हाकाताचे सात गट, त्यांना नागारे म्हणतात, आपापला साधारण टनभर वजनाचा यामा, म्हणजे सजवलेला देखावा, खांद्यावर घेऊन धावतात. वर्गणी, जागरण, म्हाताऱ्यांचा शब्द, पोरांची धावपळ, गणेश मंडळात वाढलेल्या माणसाला सगळं ओळखीचं वाटेल. उत्सवाच्या दिवसांत ही मंडळी काकडी खात नाहीत, कारण काकडीची चकती हा उत्सव ज्याचा त्या कुशिदा देवळाच्या चिन्हासारखी दिसते. त्या पंधरवड्यात या वस्तीत कुणाला जेवायला बोलावलंत तर कोशिंबीर दुसऱ्या कशाची करा.

१५ तारखेला पहाटे ४ वाजून ५९ मिनिटांनी पहिला यामा देवळाच्या अंगणात शिरतो. पहिल्याला तिथे गाणं म्हणायचा मान असतो, त्यासाठी तो पाचाच्या एक मिनिट आधी. मग एकामागून एक सगळे सुमारे पाच किलोमीटर धावतात. देवळात जागा मिळणं कठीण, तुम्ही गल्लीत थांबा. अंधारात आधी 'ओइसा, ओइसा' ऐकू येतं, मग ओल्या रस्त्यावर पावलं, मग एकदम समोर घामाने आणि पाण्याने निथळणारी माणसं. दोन्ही बाजूंच्या दारांतून त्यांच्या अंगावर बादल्या रित्या होतात. पाणी टाकायचं ते तिथल्या घरच्यांनी, पाहुण्याने कुणी हातात दिलं तरच.

२०१६ च्या जुलैत आजींनी दारात चार बादल्या भरून ठेवल्या होत्या. एक माझ्याकडे सरकवली. मी कडी धरली, पण हात उचलेना. एवढं पाणी रस्त्यावर ओतायचं? आजींनी माझ्याकडे पाहिलं, बादलीला खालून आपला हात लावला. यामा समोर आला आणि आम्ही दोघींनी मिळून ती रिकामी केली.