बहिणाबाईंची क्रोशाची बाहुली विणताय? या चुका टाळा

खान्देशात बसून एखाद्या मोठ्या बाईची बाहुली विणायची म्हटली, तर बहिणाबाई चौधरींचं नाव आधी सुचतं. पण इतक्या मायेने सुरू केलेली बाहुली बऱ्याचदा 'कुठलीतरी नऊवारीतली आजी' होऊन बसते. त्याचं मूळ सुई हातात घेण्याआधीच्या निर्णयांत असतं.

सगळ्यात खटकणारी चूक म्हणजे बाहुलीच्या हातात वही-लेखणी देणं. १८८० साली आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करता करता त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ती कागदावर उतरवली. म्हणून हातात द्यायचंच असेल तर सूप द्या, नाहीतर बाहुलीपुढे छोटंसं जातं ठेवा. बाहुली कुठल्या वयाची, हेही आधी ठरवा. ऐन तिशीत त्यांना वैधव्य आलं. उतारवयातल्या बहिणाबाई करायच्या आणि कपाळभर कुंकू, मंगळसूत्र घालायचं, हे मला अजिबात पटत नाही. अंगासाठी गुलाबी दोराही नको. उन्हातान्हात राबलेल्या शेतकरणीचा गव्हाळ-तपकिरी रंग शोधा, दुकानात सहज मिळतो.

आता विणीकडे. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे दोरा ओढून घट्ट करता येणाऱ्या सुरुवातीच्या वेटोळ्यात, ६ मुके खांब, म्हणजे सिंगल क्रोशे, मग १२, १८ असं ३६ पर्यंत वाढवताना दर फेरीत वाढ (एकाच टाक्यात दोन टाके) एकावर एक येत गेली की डोकं षटकोनी दिसतं. वाढीची जागा एक फेरी सोडून सरकवा. भरण बाहेर डोकावत असेल तर जास्त ओढून विणू नका, सुईच अर्ध्या मिलिमीटरने बारीक घ्या.

भरणाबाबत आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे घरचा कापूस. कापसाच्या मुलखात तो हाताशी असतो, मोह होणारच. पण एकदा धुतला की त्याचे गोळे होतात आणि आतून लवकर वाळतही नाही. पॉलिस्टर फायबरच वापरा. तेही सगळीकडे ठासून नाही! रॅगडॉलची, म्हणजे अशा मऊ, सैल बाहुलीची, सगळी गंमत लुळ्या हातापायांत आहे. पावलात आणि पंजात भरण घाला, वरचा भाग रिकामा ठेवा, शेवटी हातापायाचं उघडं टोक चपटं दाबून दोन्ही थर एकत्र विणून बंद करा. मान मात्र घट्ट हवी. ३६ टाक्यांच्या डोक्याला १२ टाक्यांची मान पेलत नाही, १८ वर थांबा आणि धड जोडण्याआधी तिथे दाबून भरा.

डोकं आधीच लटकलेलं असेल तर उसवू नका. डोक्यावरचा पदर कपाळाच्या कडेने आणि दोन्ही खांद्यांवर पक्का शिवा. मागून आधार मिळतो. पदर असल्यामुळे केसही फक्त पुढच्या भांगापुरते भरायचे. पूर्ण डोकंभर लोकरीचे केस आणि अंबाडा केला की पदर वर उचलला जातो आणि टोपी घातल्यासारखा दिसतो.

चेहऱ्याला घाई करू नका. डोळे खाली आणि लांब लांब लावले की चेहरा बाळाचा होतो. प्रौढ बाईसाठी ते डोक्याच्या मध्यावर, लहान, आणि शक्यतो दोऱ्यानेच भरलेले हवेत. लहान मूल खेळणार असेल तर प्लॅस्टिकचे मणी लावूच नयेत. नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे अंगाच्या रंगाहून एक छटा गडद दोऱ्याचा एकेक तिरपा टाका घातला की वय दिसायला लागतं. टाचण्या टोचून जागा ठरवा, बाहुली हातभर लांब धरून बघा, मगच दोरा ओवा.

लुगड्याला जरीचा, पैठणीचा थाट नको. जाड लोकरीने तर निऱ्या फुगतात आणि कासोटा बसत नाही. अंगापेक्षा बारीक सुती दोरा घ्या, काठ वेगळ्या रंगाचा करा. गडद लाल किंवा हिरवा दोरा असेल तर विणण्याआधी तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत लडी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात चेहऱ्यावर डाग पडतो. धुतल्यावर पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीतच वाळवा. जळगावच्या मे महिन्यातलं ऊन रंग उडवून टाकतं.