पतित वीर जेव्हा बॉस होतो: लढत रचताना या चुका टाळा

ऑनलाइन फँटसी गेमसाठी बॉस, म्हणजे खेळाडूंनी हरवायचा मोठा शत्रू, रचायला बसलं की हा माणूस कधी ना कधी डोक्यात येतोच: एके काळचा वीर, आज शत्रू. ज्याच्या ढालीआड गाव वाचलं, तोच आज त्या गावच्या वाटेवर तलवार उपसून उभा. कल्पना ऐकूनच अंगावर काटा येतो. प्रत्यक्ष लढतीत मात्र त्याचा बहुतेक वेळा काळ्या चिलखतातला आणखी एक राक्षस होतो. असं का होतं, हे मला एकच बॉस तीनदा मोडून पुन्हा रचताना कळलं.

आम्ही चौघं मिळून एक छोटा ऑनलाइन गेम बनवतोय. त्यातल्या या वीराचं नाव अरिंजय. खिंड लढवणारा वीर मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू देशपांडे घोडखिंडीत उभे राहिले, ते विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांच्या निष्ठेला मला हात लावायचा नव्हता, म्हणून राज्य, काळ, माणसं सगळं काल्पनिक घेतलं आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला: तोफ वाजलीच नसती तर? अरिंजयचा राजा गडावर सुखरूप पोचला, पण बत्ती कुणी दिलीच नाही. अरिंजय वाट बघत राहिला. सोबतची माणसं एकेक करून पडली. शेवटी ज्या शक्तीने त्याला जिवंत ठेवलं, ती देवाची नव्हती. आता तो खिंड अडवतो, पण तोंड गडाकडे करून.

पहिली चूक: गोष्ट दाराबाहेर, लढत दाराआत

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. आमच्या पहिल्या आवृत्तीत खिंडीच्या तोंडाशी एक म्हातारा एनपीसी (गेमच चालवतो ते पात्र) अरिंजयची सगळी कहाणी सांगायचा. आत गेलं की अरिंजय जमिनीवर आगीची वर्तुळं टाकायचा, सांगाडे उठवायचा आणि शेवटच्या फेजमध्ये (लढतीच्या टप्प्यात) त्याला पंख फुटायचे. चाचणीला आलेल्या खेळाडूंना लढत आवडली. नंतर मी विचारलं, हा कोण होता? एकाने सांगितलं, "तो आगवाला."

तेव्हापासून मी एक साधी परीक्षा घेतो. बॉसचं मॉडेल काढायचं आणि त्या जागी कुठलाही ड्रॅगन किंवा दैत्य ठेवायचा. लढत तशीच्या तशी चालली, तर तुमचा पतित वीर फक्त कागदावर आहे. त्याचा प्रत्येक वार त्याच्या आयुष्यातून यायला हवा. ढाल रोवून वाट अडवणं हे अरिंजयचं जुनं कर्तव्य, म्हणून पहिल्या फेजमध्ये तो खेळाडूंच्या मागे धावत नाहीच. तो खिंडीतली एक रेघ राखतो आणि ती ओलांडणाऱ्याला मागे फेकतो. सांगाडे काढून टाकले. त्याच्या जागी त्याचे मेलेले सोबती येतात आणि एकमेकांना ढालीने झाकतात. जिवंतपणी ते असेच लढत होते.

वीराचं मर्मही त्याच्या चरित्रातूनच यावं. कर्णाकडे बघा. गुरू परशुरामांचा शाप, म्हणून ऐन वेळी अस्त्र आठवत नाही. ब्राह्मणाचा शाप, म्हणून रथाचं चाक जमिनीत रुततं. कवचकुंडलं त्याने स्वतःच्या हाताने इंद्राला दिलेली आणि इंद्राकडून मिळालेली शक्ती आधीच घटोत्कचावर खर्ची पडलेली. शेवटच्या दिवशी त्याच्या विरोधात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे एक प्रसंग आहे आणि तो प्रसंग ऐकणाऱ्याला आधीच माहीत आहे. बॉसच्या छातीवर चमकणारा लाल ठिपका लावण्यापेक्षा हे कितीतरी बळकट आहे. अरिंजयचं मर्म म्हणजे ती न वाजलेली तोफ. रिंगणाच्या कडेला ती पडलेली असते. दोन खेळाडूंनी ती ओढून गडाच्या दिशेला वळवायची आणि बत्ती द्यायची. आवाज झाला की अरिंजय लढता लढता थांबतो आणि गडाकडे मान वळवतो. तेवढेच काही क्षण त्याची ढाल खाली असते.

यातही एकदा घसरलोच. तोफेवर बाण लावला, "इथे दाबा" असं लिहिलं आणि खेळाडू तिला स्टन बटण (शत्रूला क्षणभर सुन्न करणारं) म्हणू लागले. मग बाण काढला. तोफेची हकिगत तीन क्वेस्ट (कामगिऱ्या) आधी, गडावरच्या एका गोलंदाजाच्या मुलीच्या तोंडून येऊ दिली. त्यानंतरच्या चाचणीत खेळाडू तोफ बघून आपसात बोलायला लागले, "ही तीच का?"

दुसरी चूक: प्रतिस्पर्धी पहिल्यांदा भेटतो तो शेवटच्याच दिवशी

वैर जुळायला भेटी लागतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधला आर्थस मेनेथिल हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. लॉर्डेरॉनचा राजपुत्र, उथर या गुरूच्या हाताखाली तयार झालेला पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा. आधी तो स्ट्रॅथोल्ममधल्या स्वतःच्याच प्रजेची कत्तल करतो, मग फ्रॉस्टमोर्न तलवार उचलतो, आणि घरी परतून बापाला, राजा टेरेनसला, मारतो. हे सगळं २००२ च्या वॉरक्राफ्ट थ्रीमध्ये खेळाडूने त्यालाच हाताळत घडवलेलं होतं. २००८ मध्ये रॅथ ऑफ द लिच किंग हा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा पुढचा भाग आला, तेव्हा आता लिच किंग झालेला तो नॉर्थरेंडच्या क्वेस्टमध्ये पुन्हा पुन्हा समोर यायचा. डेथ नाइट हा योद्ध्याचा प्रकार घेतलेल्या खेळाडूची तर सुरुवातच त्याच्या चाकरीत व्हायची. हॉल्स ऑफ रिफ्लेक्शनमध्ये पाच जणांना त्याच्यापासून अक्षरशः पळावं लागायचं. मग डिसेंबर २००९ मध्ये आइसक्राउन सिटाडेल हा त्याचा किल्ला खुला झाला आणि त्यातला बारावा, शेवटचा बॉस म्हणून तो सिंहासनावर दिसला. तोवर त्याची ओळख करून द्यायची गरज उरली नव्हती.

छोट्या गेमला एवढा पसारा परवडत नाही. आम्ही तीनच भेटी ठेवल्या. पहिल्या भेटीत अरिंजय दुसऱ्या शत्रूपासून खेळाडूला वाचवतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो. दुसऱ्या भेटीत तो खेळाडूला वाटेवरून परत पाठवतो, पण मारत नाही. तिसरी भेट खिंडीत. तीन पुरतात, मात्र प्रत्येक भेटीत त्याने काहीतरी केलं पाहिजे. टेकडीवर उभं राहून गडगडाटी हसणं ही भेट नव्हे.

इथे एक अडचण हमखास येते. खेळाडू दुसऱ्या भेटीतच बॉसला जवळजवळ हरवतो आणि लगेच कटसीनमध्ये (खेळाडूच्या हाती नसलेल्या दृश्यात) तोच बॉस खेळाडूला गुडघ्यावर आणतो. याचा राग येतो, आणि यायलाच हवा, कारण हाताने मिळवलेलं तुम्ही डोळ्यांदेखत काढून घेतलं. ती लढत हरायचीच असेल तर खेळाडूला लढतानाच ते कळू द्या, किंवा जिंकण्याची अट बदला: "त्याला हरवा" नको, "गावकरी पुलापार जाईपर्यंत टिका" ठेवा.

तिसरी चूक: वीराला खेळाडूचे सगळे डाव देणं

पतित वीर हा खेळाडूचा आरसा, म्हणून त्याला खेळाडूच्याच सगळ्या क्षमता द्याव्यात असं वाटतं. कागदावर हे सुंदर दिसतं. खेळताना बॉस स्वतःला बरं करू लागतो, खेळाडूंना स्टन करू लागतो आणि दहा मिनिटांच्या मेहनतीवर पाणी पडतं. स्वतःची जखम भरून काढणारा बॉस ठेवायचाच असेल तर ते रोखण्याची संधी स्पष्ट हवी. खेळाडूच्या हातातून ताबा काढून घेणारे डाव एका लढतीत एक किंवा दोन, त्याहून जास्त नकोत.

आरसा दाखवायला एकच नेमकी गोष्ट पुरते. फायनल फँटसी फोर्टीन या ऑनलाइन गेममध्ये ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या द सीट ऑफ सॅक्रिफाइस या लढतीत खलनायक एलिडिबस 'वॉरियर ऑफ लाइट'च्या रूपात येतो, म्हणजे खेळाडू स्वतः ज्या नावाने ओळखला जातो त्याच रूपात. आणि तो लिमिट ब्रेक वापरतो. तोवर लिमिट ब्रेक म्हणजे आठ जणांच्या संघाचा हुकमी एक्का, संघाने मिळून राखून ठेवायचा. तोच समोरून येताना बघून छातीत धस्स होतं. एका क्षणी टँकने, म्हणजे वार अंगावर घेणाऱ्या खेळाडूने, आपला लिमिट ब्रेक बरोबर वेळी दिला नाही, तर सगळा संघ आडवा होतो. एकच क्षमता उचलली, पण ती नेमकी निवडलेली.

"मी तर बाहेर होतो!"

ही तक्रार प्रत्येक चाचणीत येते. खेळाडू वर्तुळाबाहेर पळालेला असतो, त्याच्या पडद्यावर तो बाहेरच दिसतो, तरी मरतो. कारण सर्व्हरच्या हिशेबात तो अजून आत असतो. पुण्यात बसून युरोपातल्या सर्व्हरवर खेळणाऱ्याला हे रोजचंच आहे, कारण त्याची हालचाल तिथवर पोचायलाच वेळ जातो. त्यात माणसाला दिसून हात हलवायला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणून इशारा दिसल्यापासून वार बसेपर्यंत आम्ही दीड सेकंदाच्या खाली जात नाही. जीव घेणाऱ्या वाराला अडीच. हिटबॉक्स, म्हणजे वार खरोखर लागतो तेवढा भाग, चित्रातल्या वर्तुळापेक्षा थोडा लहान ठेवतो. खेळाडूला "थोडक्यात वाचलो" वाटलं तर बिघडत नाही.

इशारा वीराच्या अंगात दिसावा, हे त्याहून महत्त्वाचं. अरिंजय फेकण्याआधी डावा पाय मागे रोवतो. जमिनीवरचं लाल वर्तुळ आम्ही फक्त सोप्या पातळीवर दाखवतो.

एवढ्या जणांचं एकच वैर

रेडमध्ये, म्हणजे मोठ्या संघाच्या मोहिमेत, दहा-पंचवीस जण असतात आणि बॉस प्रत्येकाला "तूच माझा खरा प्रतिस्पर्धी" म्हणू शकत नाही. म्हणाला तर खोटं वाटतं. यावर एकच उपाय मला पटलेला आहे: एका-एका खेळाडूला थोडा वेळ एकट्याने त्याच्यासमोर आणायचं. लिच किंगच्या शेवटच्या फेजमध्ये हार्वेस्ट सोल नावाचा डाव येतो आणि एक खेळाडू फ्रॉस्टमोर्नच्या आत ओढला जातो. आत कोण असतं? टेरेनस, आर्थसने मारलेला त्याचा बाप, त्याच तलवारीत अडकलेला. बाहेर चोवीस जण लढतायत आणि आत एक जण त्या म्हाताऱ्या राजाला जगवतोय.

शेवटी ती भेट फळाला येते. दहा टक्के जीव उरल्यावर लिच किंग सगळ्यांना एका झटक्यात मारतो. बर्फात गोठवलेला टिरियन फोर्ड्रिंग, खेळाडूंच्या बाजूचा एनपीसी पॅलाडिन, सुटतो आणि अ‍ॅशब्रिंगर तलवारीने फ्रॉस्टमोर्न फोडतो. सुटलेल्या आत्म्यांमधून टेरेनस पुढे येऊन खेळाडूंना उठवतो. निर्णायक घाव एनपीसीने घातला म्हणून पुष्कळांना हा शेवट रुचला नाही, आणि नव्याने लढत रचणाऱ्याला मीही सांगेन की हे टाळा. तलवार एनपीसीला फोडायचीच असेल, तर त्याला मोकळं करण्याचं काम तरी खेळाडूंच्या हाती द्या. पण टेरेनसचा धागा मात्र शिकण्यासारखा आहे. तो शेवटी आभाळातून पडत नाही, त्याला आपण तलवारीत आधीच भेटलेलो असतो.

रिंगणाची जमीन तपासा

वीराची गोष्ट लिहिता लिहिता जमिनीकडे दुर्लक्ष होतं. लिच किंगच्या लढतीत सिंहासनाच्या चौथऱ्याची कड ढासळते आणि पंख असलेल्या व्हॅल्किर खेळाडूंना उचलून त्या मोकळ्या कडेवरून खाली टाकतात. फेब्रुवारी २०१० मध्ये एका आघाडीच्या गिल्डने (खेळाडूंच्या कायमच्या गटाने) त्याला २५ जणांच्या रेडमध्ये सर्वांत आधी हरवलं. नंतर लक्षात आलं की लढतीत वापरलेल्या सॅरोनाइट बॉम्बमुळे ढासळलेली कड पुन्हा उभी राहत होती, म्हणजे व्हॅल्किरचा धोकाच संपत होता. त्यांचा विजय काढून घेतला गेला आणि ७२ तासांची बंदी आली. जमीन बदलणारी प्रत्येक लढत गेममधल्या प्रत्येक स्फोटक वस्तूनिशी तपासायला हवी. आमच्याकडे एक बहाद्दर तोफेवर चढून बसला होता आणि अरिंजयला तो सापडतच नव्हता.

कोणीच शेवटापर्यंत पोचत नसेल, तर मेकॅनिक (लढतीतले डाव आणि नियम) कापायला घाई करू नका. आइसक्राउनमध्ये खेळाडूंची ताकद काही महिन्यांत ५ टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. लढत तीच राहिली आणि मागून येणाऱ्यांनाही तिचा शेवट बघायला मिळाला.

वीर पडल्यानंतर

बॉस कोसळतो, त्याच क्षणी प्रेतावर लूटची खिडकी उघडते आणि सगळे कंबरपट्टा कुणाला मिळणार यासाठी आकडे टाकायला लागतात. दोन वर्षं जोपासलेला वीर तिथे दुसऱ्यांदा मरतो. आइसक्राउन सिटाडेलमध्येच डेथब्रिंगर सॉरफँग हा बॉस पडतो, तेव्हा त्याचा बाप व्हारोक येऊन मुलाचं प्रेत उचलून नेतो. शत्रुपक्षाच्या खेळाडूंसमोरही येतो, आधी अडवला जातो, मग त्याला वाट दिली जाते. ते दृश्य मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा की-बोर्डवरचे हात आपोआप बाजूला झाले होते.

आम्ही लूटची पेटी खिंडीच्या दुसऱ्या टोकाला नेली. अरिंजयची ढाल लूटमध्ये नाही, ती त्याच्याजवळच राहते. त्याला पुन्हा देवमाणूस करणारं लांबलचक भाषणही काढलं, कारण त्याने मारलेली माणसं त्या भाषणाने परत येत नव्हती. आता तो एवढंच विचारतो, "राजे पोचले?" उत्तराचे दोन पर्याय येतात आणि ज्याने तोफ वाजवली होती, त्या खेळाडूलाच ते दिसतात.

दर आठवड्याला रेड पुन्हा सुरू होतो आणि अरिंजय पुन्हा खिंडीत उभा असतो. दुसऱ्या खेपेपासून त्याची संभाषणं आपोआप आखूड होतात आणि कटसीन एका बटणात टाळता येतो. तो प्रश्न मात्र टाळता येत नाही. तो चार सेकंदांचा आहे.