एअर फ्रायरमध्ये फळांच्या सारणाची पदर सुटलेली पेस्ट्री

एअर फ्रायरच्या वरच्या भागात विजेवर तापणारी कॉइल असते आणि तिच्यावरचा पंखा गरम हवा भांड्यात सतत जोराने फिरवत राहतो, त्यामुळे हे यंत्र म्हणजे मुळात लवकर तापणारी एक लहानशी भट्टीच आहे. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आपला एअर फ्रायर मांडला, तेव्हा सगळा भर कमी तेलातल्या बटाट्याच्या फिंगर चिप्सवर होता, आणि आपल्याकडेही तो बहुधा कटलेट, समोसे किंवा फ्रोजन पदार्थ यांसाठीच बाहेर काढला जातो. ज्या घरात ओव्हन नाही, तेथे लहान आकाराची भाजलेली पेस्ट्री करण्यासाठी याहून सोयीचे साधन मिळणे कठीण आहे. पेस्ट्री म्हणजे येथे क्रीम लावलेला केकचा तुकडा अभिप्रेत नाही. मैदा आणि लोण्याच्या पदर सुटणाऱ्या पारीत फळांचे सारण भरून करंजीसारखी बंद केलेली आणि तेलात न तळता भाजलेली पेस्ट्री येथे सांगितली आहे.

ही पेस्ट्री बिघडते ती जवळजवळ नेहमी दोनच कारणांनी: सारणात पाणी राहते, किंवा लोणी भाजण्याआधीच वितळते. म्हणून पुढील कृतीत सर्वाधिक वेळ सारण आटवण्याला आणि पीठ गार ठेवण्याला दिला आहे. प्रत्यक्ष भाजण्याचे काम पंधरा मिनिटांच्या आत संपते.

सारण

उदाहरणासाठी स्ट्रॉबेरी घेऊ, कारण पाणी सुटण्याच्या बाबतीत ती सर्वांत अवघड आहे आणि ती जमली की बाकीची फळे सहज जमतात. महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई या भागातली स्ट्रॉबेरी हिवाळाभर बाजारात असते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. सारणासाठी मोठी, दिसायला देखणी फळे घेण्याची गरज नाही. मध्यम आकाराची, घट्ट आणि किंचित आंबट फळे अधिक चांगली, कारण साखर आणि लोणी यांच्या सोबतीला आंबटपणा नसला तर चव सपाट लागते. फळे देठासकट धुवावीत, सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडी करावीत आणि मगच देठ काढावेत. देठ आधी काढला तर धुताना फळात पाणी शिरते.

४०० ग्रॅम स्ट्रॉबेरीचे प्रत्येकी चार तुकडे करून त्यांत ८० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ मिसळावे व अर्धा तास झाकून ठेवावे. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते आणि साखर त्यातले बरेचसे बाहेर ओढते, त्यामुळे भांड्याच्या तळाशी लालबुंद रस जमलेला दिसेल. हा रस गाळून जाड बुडाच्या कढईत घ्यावा आणि तुकडे बाजूला ठेवावेत. आधी एकटा रसच मध्यम आचेवर निम्मा होईपर्यंत आटवावा, नंतर त्यात तुकडे घालून चार-पाच मिनिटे हलक्या हाताने परतावेत. रस आणि तुकडे एकत्र शिजवले तर रस आटेपर्यंत तुकड्यांचा लगदा होतो आणि पेस्ट्रीत फळ दाताखाली येतच नाही. जरा वेळखाऊ वाटली तरी ही पायरी टाळू नये.

आता दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे थंड पाण्यात कालवून कढईत ओतावे आणि सतत ढवळावे. मिश्रण घट्ट होताच गॅस बंद करण्याचा मोह होतो, पण त्याला किमान एक मिनिट खदखदू द्यावे. तसे न केल्यास कॉर्नफ्लोअरचा कच्चा वास राहतो आणि सारण गार झाल्यावर पुन्हा पातळ पडू शकते. उलथन्याने कढईच्या तळाशी रेघ ओढावी: ती लगेच बुजली नाही, दोन्ही बाजूंचे सारण जागेवर थांबले, तर सारण तयार झाले. मोरांब्याच्या पाकापेक्षा ते स्पष्टपणे घट्ट असले पाहिजे. एक छोटा चमचा लिंबाचा रस गॅस बंद केल्यावरच घालावा, कारण आंबट रसाबरोबर फार वेळ उकळल्यास कॉर्नफ्लोअरची पकड सैल होते. सारण पसरट ताटलीत काढून आधी बाहेर आणि नंतर तासभर फ्रिजमध्ये पूर्ण गार करावे. कोमट सारण पारीत भरले की आतले लोणी तेथेच वितळू लागते आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते.

सफरचंद हे नवशिक्यासाठी सर्वांत सोपे फळ आहे. त्याच्या सेंटिमीटरभर फोडी चमचाभर तुपावर साखर आणि दालचिनीच्या पुडीसह परताव्यात, फोडी मऊ पण अखंड असतानाच उतरवाव्यात; कॉर्नफ्लोअर छोटा चमचाभर पुरते. अननस बारीक चिरून, हाताने पिळून, मगच साखरेत शिजवावा. केळ्याला शिजवावेच लागत नाही, मात्र ते ऐनवेळी चिरावे. सीताफळ मात्र या कामी घेऊ नये, कारण त्याचा गर तापवला की कडवट होतो.

हापूसबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. ताज्या आंब्याच्या फोडी भरल्या तर त्या आत शिजून पाणी सोडतात आणि ज्या सुगंधासाठी आंबा घ्यायचा तो सुगंधही उडून जातो. कोकणात घरोघरी रस आटवून ठेवतात, तो आटवलेला आंब्याचा गोळा या पेस्ट्रीसाठी उत्तम आहे. तो नसल्यास दोन वाट्या आमरस नॉनस्टिक कढईत पाऊण वाटीपर्यंत आटवावा आणि गार झाल्यावर त्यात दोन चमचे ताजा, न शिजवलेला रस मिसळावा, म्हणजे आटवलेल्या रसाच्या दाट चवीत ताज्या आंब्याचा वास परत येतो. डबाबंद रसात बहुधा आधीच साखर असते, म्हणून चव घेतल्याशिवाय वरून साखर घालू नये.

पीठ

मैदा २५० ग्रॅम, थंडगार बटर १५० ग्रॅम, साखर एक मोठा चमचा, लिंबाचा रस एक छोटा चमचा आणि बर्फाचे पाणी ८० ते ९० मिलिलिटर एवढे साहित्य दहा-बारा पेस्ट्रींना पुरते. बटर बिनमिठाचे असेल तर अर्धा छोटा चमचा मीठ घालावे; नेहमीचे खारे बटर असेल तर मीठ वगळावे. घरचे पांढरे लोणी घ्यायचे झाल्यास ते आधी फ्रिजमध्ये घट्ट करून, त्यातले ताकाचे पाणी पूर्ण निथळून घ्यावे.

बटरचे सेंटिमीटरभर तुकडे करून मैद्यात टाकावेत, मैद्यात घोळवावेत आणि प्रत्येक तुकडा बोटांच्या चिमटीत दाबून फक्त चपटा करावा. मोहन चोळतो तसे चोळायचे नाही. बटरच्या चपट्या पाकळ्या पिठात डोळ्यांना दिसल्या पाहिजेत, कारण पुढे याच पाकळ्या लाटल्या जाऊन पिठाच्या दोन थरांमध्ये पसरतात. भट्टीच्या उष्णतेने पिठातल्या आणि बटरमधल्या पाण्याची वाफ होते, ती वरचा थर उचलते आणि वितळलेले बटर थरांना एकमेकांना चिकटू देत नाही. तुपात पाणी नसते, म्हणून नुसत्या तुपाने पीठ खुसखुशीत होते पण असे फुगत नाही. चिरोट्यांत आपण तूप आणि तांदळाच्या पिठाचा किंवा कॉर्नफ्लोअरचा साटा लावून पदर वेगळे राखतो. तीही सुंदर पद्धत आहे, परंतु साट्याची पारी तळणीत जितकी खुलते तितकी कोरड्या हवेत खुलत नाही.

लिंबाचा रस बर्फाच्या पाण्यात मिसळून ते पाणी चमचा-चमचा घालत पीठ केवळ एकत्र आणावे. पोळ्यांसाठी कणीक तिंबण्याची सवय असलेल्या हातांना येथे स्वतःला आवरावे लागते, कारण मळल्याने पीठ चिवट होते आणि बटर हाताच्या उष्णतेने वितळते. गोळा ओबडधोबड, जागोजागी कोरडा दिसला तरी चालेल. तो झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. नंतर लांबट आयतात लाटावा, पत्राची घडी घालतो तशी तीन पदरी घडी घालावी, पाव वळसा फिरवून पुन्हा लाटावा आणि पुन्हा घडी घालावी. वीस मिनिटे फ्रिजमध्ये विसावा देऊन आणखी एकदा लाटून घडी घातली की पीठ तयार होते. बटर साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते आणि एप्रिल-मे महिन्यांत आपले स्वयंपाकघर सहज तेवढे तापते, म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करावे आणि पोळपाट-लाटणेही काही वेळ फ्रिजमध्ये ठेवावे. लाटताना पीठ चिकटू लागले की वरून मैदा भुरभुरवत बसण्यापेक्षा सरळ दहा मिनिटे फ्रिजमध्ये परत ठेवणे चांगले.

बाजारातली फ्रोजन पफ पेस्ट्री शीट वापरण्यात काहीच कमीपणा नाही. ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मऊ होऊ द्यावी. वेष्टनावरचे घटक मात्र वाचावेत: अनेक शीटमध्ये बटरऐवजी वनस्पती चरबी असते, ती आपल्या हवेत हाताळायला सोपी जाते, पण खाल्ल्यावर टाळूला थर राहतो.

भरणे आणि भाजणे

पीठ तीन मिलिमीटर जाडीचे लाटून अकरा सेंटिमीटर व्यासाच्या डब्याच्या झाकणाने गोल पाऱ्या कापाव्यात. झाकणाची कड धारदार हवी आणि कापताना ते सरळ खाली दाबावे. गोल फिरवल्यास कडेचे पदर एकमेकांत दबून चिकटतात. पारीच्या मधोमध छोटा चमचाभर बदामाची भरड पसरावी, तिच्यावर सपाट मोठा चमचाभर सारण ठेवावे आणि कडेला बोटभर जागा मोकळी सोडावी. भरडीमुळे सुटलेला रस टिपला जातो आणि खालची पारी ओली होत नाही. कडेला थंड दुधाचे बोट फिरवून पारी दुमडावी, आतली हवा दाबून काढावी आणि काट्याने कड घट्ट दाबावी. मुरड घालता येत असेल तर अवश्य घालावी, मात्र ती नाजूक ठेवावी, कारण जाड मुरड आतून कच्ची राहते. वरच्या बाजूला सुरीने दोन लहान चिरा द्याव्यात. त्या नसल्या तर वाफ कडेतून वाट काढते आणि सारण भांड्यात सांडून करपते. तयार पेस्ट्री भाजण्यापूर्वी पुन्हा वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

एअर फ्रायर १८० अंशांवर तीन-चार मिनिटे रिकामा तापवावा. बेकिंग पेपर वापरायचा असेल तर तो पेस्ट्रीसह नंतरच ठेवावा, कारण रिकाम्या भांड्यातला हलका कागद पंख्याच्या झोताने उडून तापलेल्या कॉइलला लागू शकतो आणि पेटू शकतो. कागद भोके पाडलेला असावा, नाहीतर हवा खालून फिरत नाही. पेस्ट्रीवर दुधाचा हलका हात फिरवावा. अंडे चालत असेल तर फेटलेल्या अंड्याने अधिक गडद चकाकी येते. चार लिटरच्या भांड्यात एका वेळी चारच पेस्ट्री, एकमेकींपासून दोन बोटांच्या अंतरावर ठेवाव्यात आणि उरलेल्या आपली पाळी येईपर्यंत फ्रिजमध्येच राहू द्याव्यात.

१८० अंशांवर आठ मिनिटांत वरची बाजू फुगून बदामी होते. उष्णता वरून येत असल्याने तळ मात्र या वेळी फिकट आणि मऊ असतो, म्हणून पातळ उलथन्याने पेस्ट्री अलगद उलटाव्यात आणि तापमान १६० अंशांवर आणून आणखी चार-पाच मिनिटे भाजाव्यात. प्रत्येक यंत्राचे तापमान थोडे पुढेमागे असते, त्यामुळे पहिल्यांदा एकच पेस्ट्री भाजून पाहावी आणि घड्याळापेक्षा रंगावर विश्वास ठेवावा. दुसऱ्या घाण्याच्या वेळी भांडे चांगले तापलेले असते, तेव्हा मिनिटभर आधीच उघडून बघावे.

भाजलेल्या पेस्ट्री जाळीवर काढून किमान दहा मिनिटे निवू द्याव्यात. ताटात ठेवल्यास तळाशी वाफ धरते आणि तळ मऊ पडतो. वरची पारी हाताला कोमट लागली तरी आतले गोड सारण बराच वेळ कढत असते, म्हणून लहान मुलांना देण्यापूर्वी एक पेस्ट्री मोडून पाहावी. पिठीसाखर भुरभुरवायची असेल तर पूर्ण गार झाल्यावरच भुरभुरवावी, अन्यथा ती विरघळून चिकट होते.

त्याच दिवशी खाल्लेली पेस्ट्री सर्वांत चांगली लागते. उरल्यास हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवता येते, आणि खाण्यापूर्वी १६० अंशांवर तीन-चार मिनिटे तापवली की पदर पुन्हा कुरकुरीत होतात; मायक्रोवेव्हमध्ये त्या लिबलिबीत होतात. पाहुणे येणार असतील तर भाजून ठेवण्यापेक्षा कच्च्या पेस्ट्री ताटलीत सुट्या गोठवाव्यात, कडक झाल्यावर पिशवीत भराव्यात आणि ऐनवेळी बाहेर न विरघळवता थेट एअर फ्रायरमध्ये ठेवून, उलटल्यानंतरचा वेळ तीन-चार मिनिटांनी वाढवून भाजाव्यात.